सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

आमच्या घरांतून बाईच्या पोटाविषयी दोनच वेळा बोलले जाते. ते वाढू लागते तेव्हा आणि मूल हाती येते तेव्हा. त्यानंतर त्या पोटाचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. बाईही सांगत नाही.

माझी दोन्ही मुले सिझेरियनची. दुसऱ्या बाळंतपणानंतर पोटावरच्या उभ्या स्नायूंच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून दूर गेल्या, त्या परत जवळ आल्याच नाहीत. बेंबीपाशी हर्निया झाला. सैल कातडी खाली ओघळली आणि तिच्या घडीत उन्हाळाभर पुरळ उठू लागले. सोलापूरच्या उन्हात, बुरख्याखाली हा त्रास काय असतो, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. वर्गात चार तास उभे राहिले की कंबर धरून येई. सर्जन म्हणाले, हर्निया शिवताना स्नायूही जवळ घेऊन टाके घालू आणि जास्तीची कातडी काढू. या शस्त्रक्रियेला ॲबडॉमिनोप्लास्टी किंवा ‘टमी टक’ म्हणतात. नाव ऐकताच नात्यातल्या बायकांनी ती नट्यांची हौस ठरवली. ‘‘अल्लाहने दिलेल्या शरीरात ढवळाढवळ कशाला?’’ असेही एकीने विचारले. फाटलेले शिवणे ही ढवळाढवळ कशी, एवढेच मी म्हणाले.

शुद्धीवर आले तेव्हा कंबरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत टाके होते आणि आत साठणारे पाणी बाहेर नेणाऱ्या दोन नळ्या. नर्सने विचारले, ‘‘ताई, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’’ मी सवयीने म्हणाले, ‘‘ठीक आहे.’’ ती हलली नाही. ‘‘ठीक हा आकडा नाही. आणि कसं दुखतंय, तेही सांगा.’’

मी उर्दू माध्यमाची शिक्षिका. दर्द, टीस, जलन, चुभन हे शब्द मुलांना वाक्यात वापरायला देते. स्वतःसाठी ते कधी लागले नव्हते. त्या दिवशी मराठीत शोधू लागले. मधोमध ओढ, टाक्यांवर आग, कूस बदलताना कळ, रात्री ठणका. डॉक्टरांच्या लेखी प्रत्येकाचा अर्थ वेगळा. ओढ आवळलेल्या स्नायूंची, ती असणारच. पण एकाच जागी वाढत जाणारा ठणका, लाली, ताप, एकाच पोटरीचे दुखणे व सूज, किंवा दम लागणे, हे ताबडतोब कळवायचे. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दुसऱ्याच दिवशी मला उठवून, कंबरेत वाकलेल्या स्थितीत चालवले.

गोळी दुखेल तेव्हा नव्हे, घड्याळाप्रमाणे घ्यायची होती. पॅरासिटामॉल दर ६ तासांनी. ठणका चढल्यावर घेतलेली गोळी त्याच्या मागे धावत राहते. पहिले काही दिवस त्याहून कडक गोळी होती. तिने बद्धकोष्ठ होतो आणि कुंथले की टाक्यांवर ताण येतो, म्हणून इसबगोल आणि भरपूर पाणी. झोपायचे ते पाठीशी आणि गुडघ्यांखाली उशा घेऊन, अर्धवट घडी करून. उठायचे ते कुशीवर वळून, हाताच्या जोरावर. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची. नळ्यांतून येणारे पाणी मुलांचे अब्बा मोजून वहीत लिहीत. २४ तासांत ३० मि.लि.च्या खाली आले, तेव्हा नळ्या निघाल्या. पोटपट्टा मात्र ६ आठवडे, आणि तोवर पाण्याची कळशी नाही, धाकट्याला कडेवर घेणे नाही.

घरी आल्यावर अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, मायेने म्हणत, ‘‘सबर करो बेटा.’’ मी खुर्चीवर बसून, इशाऱ्याने रुकू-सजदा करत नमाज पढत होते. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर, ही सवलत दीनने आजाऱ्याला दिलेली आहे. ती नमाजला मिळते, चुलीला मिळत नाही. दहाव्या दिवसापासूनच ‘‘अब तो चलती-फिरती है’’ अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा मी नर्सचा आकडा घरात आणला. ‘‘आज ५ आहे, भाकऱ्या होणार नाहीत,’’ असे सरळ सांगू लागले. भाकऱ्या कधी नणंदेने थापल्या, कधी बाजारातून आल्या. कोणी उपाशी राहिले नाही. सब्र म्हणजे दुखणे लपवणे, असे मला कोणत्याही किताबात आढळलेले नाही.

६ आठवड्यांनी शाळेत रुजू झाले. फळ्याच्या वरच्या ओळीकडे हात नेला की ओढ लागे. मी अर्ध्या फळ्यापासून लिहू लागले. बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर होता. व्रणाची लाली उतरायला वर्ष लागले.

एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. अम्मांनी हळूच विचारले, ‘‘वो एक से दस का हिसाब, मेरेकू भी होता क्या?’’ मग कळले, धाकट्या दिराच्या जन्मापासून त्यांचे अंग बाहेर येत होते. बसताना, उचलताना, शिंकताना त्रास. कपडे पुन्हा पुन्हा बदलावे लागत. ‘‘किसकू बोलती मैं? किसने पूछा?’’

पुढच्या आठवड्यात त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी ‘‘काय त्रास होतो?’’ म्हणून विचारले, तेव्हा अम्मांनी आधी माझ्याकडे पाहिले. मी मध्ये बोलले नाही. मग त्यांनी स्वतःच सगळे सांगितले, अगदी सुरुवातीपासून.