मुलींची शाळा कशाला हवी?

मैत्रिणींनो, मुलगी पाचवीत जायची झाली की घरात काय काय चर्चा सुरू होतात ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. मराठी की इंग्रजी, जवळची की नावाजलेली, बस लावायची की चालत सोडायचं! आमच्याकडे यंदा ह्या यादीत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. मुलामुलींची एकत्र शाळा, की नुसती मुलींची?

आमच्या ह्यांचं मत ठाम आहे. "आता कुठं राहिलंय असं? उद्या नोकरीला लागली की काय पडदा लावून बसणार आहे का ती?" सासूबाईंचं मत त्याहूनही ठाम, आणि नेमकं उलट. आणि मी? मी स्वतः गेली सहा वर्षं एका मुलींच्या शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. सकाळचे चार तास, मग घर. आमच्या शाळेची पटसंख्या दरवर्षी उतरतेच आहे. गिरगाव-दादरची मराठी माणसं डोंबिवली-विरारला गेली, जी राहिली त्यांची मुलं इंग्रजी माध्यमात गेली. तेव्हा येत्या जूनपासून मुलांची आणि मुलींची शाळा एकत्र करावी असा संस्थेचा विचार आहे, आणि त्यासाठी पालकांची सभा बोलावली आहे. म्हणजे शिक्षिका म्हणूनही हा प्रश्न माझ्या पुढ्यात आणि आई म्हणूनही.

मुलींची वेगळी शाळा म्हटलं की ती सोवळ्याओवळ्यातून निघालेली जुनाट गोष्ट, असं आपण धरून चालतो. आमच्या गिरगावचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. ही शाळा निघाली तेव्हा तिच्याइतकी बंडखोर गोष्ट गावात दुसरी नव्हती!

गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आजही आहे. तिची सुरुवात मार्गारेट विल्सन ह्या मिशनरी बाईंनी १८३२ साली केली. पण मिशनची शाळा म्हटल्यावर धर्म बुडेल ही भीती. मग १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या तरुण विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, आणि पुढच्याच वर्षी तिच्या वतीनं मराठी व पारशी मुलींसाठी शाळा सुरू केल्या. नाना शंकरशेटांनी आपल्या गिरगावच्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. ह्या तरुणांत दादाभाई नौरोजी होते. मुली जमवण्यासाठी ही मंडळी घरोघर फिरत, जागा मिळेल तिथं, ओसरीवरसुद्धा शिकवत. एखादा बाप तर जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी देई! पुढे ज्यांना सारा देश पितामह म्हणणार होता, त्या माणसाला मुलींच्या शाळेपायी हे ऐकून घ्यावं लागलं. सरकारनं पैसे दिले म्हणून ह्या शाळा निघाल्या नाहीत. चार माणसांनी वेळ दिला, कुणी जागा दिली, कुणी पैसा दिला, म्हणून निघाल्या. त्याच सुमाराला, १८४८ मध्ये, पुण्याला भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शाळा काढली, ते तर आपण सगळ्या जाणतोच.

आणि चौपाटी! आपण भेळ खायला जातो त्या चौपाटीवर ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी शारदा सदन उघडलं. तिथं शिकायला आलेली पहिली विधवा मुलगी म्हणजे गोदूबाई. त्या वेळी धोंडो केशव कर्वे गिरगावात राहत आणि मुलींच्या शाळांमधून गणित शिकवत. गोदूबाई त्यांच्या मित्राची बहीण. पुढे १८९३ मध्ये त्यांचं लग्न झालं, आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. कर्व्यांच्या कामात त्यांचा वाटा किती मोठा आहे! कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, विठ्ठलदास ठाकरसींनी आपल्या आईच्या नावानं पंधरा लाख रुपये दिले, आणि १९३६ मध्ये ते मुंबईला आलं. आपण एस. एन. डी. टी. म्हणतो तेच हे. चौपाटीवरचं सदन मात्र वर्षदीड वर्षात पुण्याला गेलं.

सासूबाईंचं माहेर फणसवाडीतलं. त्यांना हा इतिहास माहीत नाही, पण त्यांचा स्वतःचा इतिहास त्या पदर खोचून सांगतात. सातवी झाल्यावर वडिलांनी "आता पुरे" म्हटलं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, "अहो, तीन गल्ल्यांवर मुलींची शाळा आहे. शिकवायला बाया, शिकायला मुली. तुमचं काय जातंय?" एवढ्या वाक्यावर सासूबाई १९६६ साली मॅट्रिक झाल्या. त्या म्हणतात, "तुम्ही ज्याला कुंपण म्हणता ना, तो माझा दरवाजा होता."

ह्यांचं उत्तर तयार असतं. "आई, ते तेव्हा. आता कोण बाप असं म्हणतो?"

आता ह्यांना काय सांगायचं! माझ्या वर्गात बसून बघा म्हणावं. नववीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील लालबागला मसाल्याच्या दुकानात कामाला आहेत. एकत्रीकरणाची नोटीस घरी गेली त्याच आठवड्यात ते शाळेत आले. माणूस सज्जन, आवाज चढवला नाही. इतकंच म्हणाले, "मॅडम, मुलींची शाळा आहे म्हणून गावाकडनं हिला इथं आणली. नाहीतर आई बोलावतेच आहे, गावाला." मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिला गणितात पंचाऐंशीच्या खाली कधी पडलेले नाहीत.

त्या दिवशी मला माझी आत्या आठवली. माझं माहेर लालबागचं, आजोबा आणि वडील दोघंही गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आत्या तेव्हा नववीत होती. जूनपर्यंत घरातली भांडीसुद्धा मोडीत गेली. काकांची शाळा चालू राहिली, आत्याची थांबली. त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही. आठ दिवसांनी तिच्या वर्गाच्या बाई चाळीचे तीन जिने चढून आल्या. आजी पुरुष-मास्तरांपुढे दारातसुद्धा उभी राहिली नसती. पण बाई सरळ आत चुलीपाशी पाटावर बसल्या आणि आजीबरोबर तांदूळ निवडू लागल्या. तासभर दोघी काय बोलल्या ते आत्यालाही कळलं नाही. निघताना बाई म्हणाल्या, "पुस्तकांचं मी बघते. मार्चपर्यंत हिला येऊ द्या." मार्च १९८३ ला आत्या दहावी झाली. मग परिचारिकेचा कोर्स. महापालिकेच्या रुग्णालयातून ती गेल्याच वर्षी निवृत्त झाली. संपानंतर आमच्या घरात पहिला कायमचा पगार आला तो तिचा.

तुम्ही म्हणाल, हे काम एकत्र शाळेतल्या बाईंनीही केलं असतं. केलं असतं, मान्य आहे. आणि अभ्यासाचं म्हणाल तर मुलींच्या शाळेत मार्क जास्त पडतात असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. २०१४ मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी २१ देशांतले १८४ अभ्यास एकत्र तपासले, सोळा लाख विद्यार्थ्यांची माहिती होती त्यांत. वेगळ्या शाळेचा म्हणण्यासारखा फायदा त्यांना दिसला नाही. ह्यांनी ते मला मोबाइलवर दाखवलं, तेही जेवताना! मी म्हटलं, जी मुलगी शाळेत येऊन बसलीच नाही तिचे मार्क त्यात कुठं धरलेत?

शिवाय काही गोष्टी मार्कांत मोजता येत नाहीत. आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला बाकं मुलीच उचलतात, शिडीवर चढून पताका त्याच लावतात, माइक बिघडला तर दोन मुली वायरी खोलून बसतात. मी पूर्वी वर्षभर एका एकत्र शाळेत बदली शिक्षिका होते. तिथं कुणी वाईट हेतूनं नव्हे, पण सवयीनं म्हणायचं, "मुलांनो, बाकं उचला. मुलींनो, रांगोळी." मधल्या सुट्टीत मैदानभर क्रिकेट आणि मुली भिंतीला टेकून डबे खाताहेत. आमच्याकडे त्याच सुट्टीत खो-खो आणि लंगडीनं धुरळा उडतो. मुख्याध्यापिका बाई, विज्ञानाच्या बाई, ड्रिल घेणाऱ्याही बाईच. मोठं होऊन सही करणारी बाई असते हे त्या मुलींना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता मुलींच्या शाळांचं सगळंच चांगलं असं मात्र मी म्हणणार नाही. वेगळी शाळा म्हणजे थोडी कमी शाळा, हा धोका पहिल्यापासून आहे. १८८४ मध्ये पुण्यात पेशव्यांच्या पागेच्या जागेवर रानडे प्रभृतींनी हुजूरपागा काढली, तेव्हा तिथल्या मुलींना इंग्रजी वगैरे शिकवण्यावर 'केसरी'नं केवढी टीका केली! कर्व्यांच्या विद्यापीठातही मातृभाषेतून शिक्षण ही मोठी गोष्ट होती, पण मुलींसाठी गृहजीवनाला धरून वेगळा अभ्यासक्रम असावा ह्या कल्पनेवर तेव्हाही वाद झाले. सासूबाईंनीही गणित सोडून सोपे विषय घेतले होते, तेव्हा मुलींना ती मुभा असे. १९७५ पासून दहावीचा नवा आकृतिबंध आला आणि गणित-विज्ञान सर्वांना आलं, हे उत्तम झालं. आजही एखाद्या मुलींच्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप आणि मेंदी स्पर्धा मात्र थाटात, असं दिसलं तर तिथं मुलीला घालू नका, असंच मी सांगेन.

आणखी एक मनातलं. माझा धाकटा मुलगा दुसरीत आहे. त्याला मी खुशाल एकत्र शाळेत घालणार आहे. मुलींना मुलांच्या शेजारी बसून जे शिकायचं असतं त्याहून मुलांना मुलींच्या शेजारी बसून शिकायचं जास्त असतं, असं माझं मत होत चाललं आहे. बहीण गणितात पुढे असू शकते हे त्याला घरी कळतं. वर्गातही कळू दे. ह्यावर हे म्हणतात, "म्हणजे दुसऱ्यांच्या मुली चालतील, आपली नको!" त्यांचं हे म्हणणं मला टोचतं, त्याचं पुरतं उत्तर अजून सापडलेलं नाही. पण दहा ते सोळा ही सहा वर्षं मुलीच्या आयुष्यात फार नाजूक असतात. त्या वयात 'कोण बघतंय' ह्याचा विचार न करता तिनं हात वर करून चुकीचं उत्तर द्यावं, मैदानात पडावं, मोठ्यानं भांडावं, एवढं मला तिच्यासाठी हवं आहे. पुढे कॉलेज आहेच की एकत्र.

तर आमचं ठरलं आहे. लेक पाचवीला मुलींच्या शाळेत जाईल. माझ्या नव्हे, गिरगावातल्याच दुसऱ्या एका. आमच्या शाळेचं काय होईल ते सभेत ठरेल. एकत्रीकरण टळेल असं मला वाटत नाही. बाकं रिकामी आहेत, ते खोटं कसं म्हणायचं? पण सभेत मी काय काय मागणार ते वहीत लिहून ठेवलं आहे. मैदान आठवड्यातले तीन दिवस मुलींचं. वर्गप्रमुख एक मुलगी आणि एक मुलगा, आणि बाकं उचलायला दोघंही. नववी-दहावीच्या मुलींच्या घरी सभेआधी शिक्षिकांनी स्वतः जाऊन बोलायचं, नुसती नोटीस पाठवायची नाही. मसाल्याच्या दुकानातल्या त्या वडिलांकडे मी रविवारी जाणारच आहे, सासूबाई म्हणतात, "मीही येते, त्यांची आई आली असेल तर मला बोलता येईल."

तुम्हीही शाळा बघायला जाल तेव्हा प्रवेशाच्या खिडकीवरून परत येऊ नका. मधल्या सुट्टीत जा, मैदानात कोण खेळतंय ते बघा, आणि मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन दाराची कडी आतून नीट लागते का ते स्वतः लावून पाहा.