लेकुरवारी

मे महिन्यात गोंडपिपरीची संध्याकाळ उशिरा येते, आणि आली तरी ऊन काही उठायचं नाव घेत नाही. मातीच्या भिंती, कवेलू, आष्टीकडे जाणारी डांबरी सडक, पानठेल्याचा पत्रा, सगळी दिवसभर प्यालेली आग सावकाश परत करत असतात. तेंदूपानांचे पुडे वाळत घातलेत तिकडून तुरट वास येतो, कुठल्याशा गोठ्यात बैल मान हलवतो तेवढाच घुंगरांचा आवाज, आणि आभाळ पिकल्या तेंदूच्या रंगावरून उतरत उतरत राखेवर येतं, तेव्हा, पहिली चांदणीसुद्धा अजून दिसायची असताना, छपराच्या कडेच्या एका कवेलूखालून काहीतरी निसटतं. पडलं म्हणावं तर जमिनीला लागत नाही.

पाकोळी. इवलंसं वटवाघूळ.

पाखरांचं उडणं डोळ्यांना वाचता येतं. कावळे घरी निघालेत, बगळ्यांची माळ बोडी सोडून चिंचेकडे चाललीय, हे मान वर न करताही कळतं. पाकोळीचं उडणं वाचायला घ्यावं तोवर तिनं ते खोडलेलं असतं. ती वळते, त्या वळणातच दुसरं वळण घेते, कडुलिंबाच्या शेंड्याला अर्धा वळसा घालून विजेच्या तारेखालून पुन्हा अंगणात उतरते, माणसाच्या कपाळाजवळून जाते आणि वारा तेवढा ठेवून जाते. जिथं ती आहे असं वाटतं तिथून ती नुकतीच गेलेली असते. डोळा सतत एक पाऊल मागे.

आणि या सगळ्याला आवाज नाही. पण ही शांतता आपल्यापुरती. आपला कान सेकंदाला २०,००० कंपनांपाशी थकतो आणि तिची हाक त्याच्या दुपटीहून वर असते, म्हणून ज्या अंगणात आपण खाट टाकून निवांत पडलेलो असतो त्याच अंगणात चार-पाच पाकोळ्या कंठ फुटेस्तो ओरडत असतात. हाक जाते, भिंतीला लागते, पानाला लागते, डासाच्या पंखाला लागते, परत येते. आणि भक्ष्य जवळ आलं की हाकांमधलं अंतर आटत जाऊन शेवटी त्यांचा एकच गुंजारव होतो, सेकंदाला शंभराहून जास्त हाकांचा. १७९३ साली इटलीत स्पालांझानी नावाच्या पाद्र्यानं पाहिलं, की वटवाघूळ आंधळं केलं तरी बिनचूक उडतं. मग जिनेव्हाच्या ज्यूरीननं कान बंद केले, तर ते भिंतींवर आपटू लागलं. कारण सापडायला मात्र १९३८ उजाडलं, अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिनच्या हाती ध्वनी पकडणारं यंत्र आलं तेव्हा. मधली दीडेकशे वर्षं माणसं ऐकू न येणाऱ्या गोष्टीला हसत होती. आजही हसतात, विषय तेवढे बदललेत.

मला पाकोळी सगळ्यांत स्पष्ट दिसते नाटकात. दिवाळी सरते, धान बांधीतून खळ्यावर येतं, आणि झाडीपट्टीत मंडईच्या निमित्तानं गावोगाव नाटकांचे मंडप पडतात. रात्र रात्र चालणारी नाटकं. लोक चादरी, लेकरं, शेंगा घेऊन बसलेले, पायांखाली तणस, ऑर्गनचा सूर थंडीत थोडा घोगरा झालेला, आणि रंगमंचाच्या दिव्यांवर तुडतुड्यांचा हिरवा धूर. शिवारात जे तुडतुडे धानाचं पाणी करतात, तेच इथं बल्बवर येऊन नाचतात. मग कुणाचं बोलावणं नसताना ती येते. नायिका नवऱ्याच्या प्रेतापाशी बसून पद म्हणत असते, बाया पदरानं डोळे टिपत असतात, आणि दिव्यासमोरून एक पाकोळी जाते. मागच्या पडद्यावर, रंगवलेल्या राजवाड्याच्या कमानीवरून, घारीहून मोठी सावली सळसळत जाते. कुणी दचकत नाही. नायिकाही नाही. पद पुढं चालू राहतं, आणि वर तुडतुडे कमी होत राहतात.

एवढी मोठी सावली, आणि धनीण मात्र दोन ते चार ग्रॅमची.

कवेलूंचं घर म्हणजे दरसाल मृग लागायच्या आधी कवेलू फेरणं आलंच. फुटके काढायचे, सरकलेले बसवायचे, वाळक्या काड्या झटकायच्या. आमच्या छपरावर एका वर्षी असंच काम चाललं होतं. कवेलू फेरणाऱ्यानं आढ्याजवळचं एक जुनं, शेवाळानं काळं पडलेलं कवेलू उलटलं आणि हात तसाच थांबवला. मग गळ्यातला दुपट्टा काढला, त्याच्या घडीत काहीतरी उचललं आणि शिडीवरून खाली उतरला. फडक्याच्या मधोमध ती होती. पंख मिटल्यावर इतकी आटलेली, की दुपट्ट्याच्या पिवळ्या काठावर गडद तपकिरी डाग पडलाय असं वाटावं. पाठीचे केस मुळाशी काळे, पोटाकडे फिके. तोंड आखूड, नाकाच्या बाजूंना जरा फुगीर. नाकावर पान नाही, चुणी नाही, दुसऱ्या जातींच्या थोबाडावर असतो तसला कसलाच साज नाही. कान रुंद, टोकाला गोलसर, आणि कानाच्या दारात उभा एक बारीक मांसल पडदा, कानाच्या निम्म्या उंचीचा, आतल्या बाजूला किंचित कललेला. परत आलेली हाक या पडद्याला वळसा घालून आत शिरते. डोळे दोन काळे ठिपके. ओठ मागे ओढून तिनं दात दाखवले. इतके बारीक आणि इतके पुष्कळ. चौतीस असतात म्हणतात.

मग त्या माणसानं दुपट्ट्याच्या कडेनं तिचा एक पंख अलगद उलगडला, आणि मला हात दिसला.

खरंच हात. दंड, त्यापुढं २५ ते ३० मिलिमीटरची कोपरापुढची नळी, मनगट, मनगटापाशी नखाचा सुटा अंगठा, आणि त्यापुढं चार बोटं, पण लांबत लांबत गेलेली, कुणी हाडं तापवून तार काढावी तशी. बोटाबोटांमधून ताणलेली कातडी, तिच्यातून उन्हाचा लालसर उजेड आणि त्या उजेडात रक्ताच्या रेघा. मी नकळत माझी बोटं पसरून पाहिली. पंख अंगाच्या कडेनं पायांपर्यंत उतरला होता आणि दोन पायांमधून पुन्हा एक पडदा, ज्यात शेपूट टोकापर्यंत गुंतलेली. तो पडदा म्हणजे तिची ओटी. उडता उडता किडा त्यात झेलते, मान खाली घालते आणि खाते. पिल्लू जन्मतं तेव्हाही त्याच ओटीत उतरतं.

पिल्लं होती. आधी दिसली नव्हती, कारण ती पोटाशी दडली होती: दोन, उघडी, गुलाबी-करडी, छातीवरच्या दोन स्तनांना एकेक तोंड लावून घट्ट बसलेली. आई थरथरत होती आणि तिच्यासोबत पिल्लंही थरथरत होती, इतक्या वेगानं की तिघांची मिळून एकच गुणगुण हाताला लागावी. शेजारची म्हातारी काठी टेकत आली, वाकली, पाहिलं आणि म्हणाली, "ठेव बापू जाग्यावर तिले. लेकुरवारी हाये थे."

त्यानं ठेवली. त्या एका ठिकाणी जुनंच कवेलू राहिलं आणि त्या पावसाळ्यात तिथून थोडं गळलंही. तांब्या ठेवला खाली.

म्हातारीनं जे पाहिलं तेच १७५८ साली स्वीडनमध्ये बसून लिनिअसनं पाहिलं होतं, हे मला पुढं वाचताना कळलं आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. सगळ्या सजीवांना खणाखणांत बसवायला निघालेला तो माणूस. वटवाघळापाशी आला तेव्हा त्यानं पंख बाजूला सारले. वरच्या जबड्यात समोर चार दात, छातीवर दोन स्तन, एवढी खूण त्याला पुरली आणि त्यानं वटवाघळाला माकडाशेजारी, लेमूरशेजारी आणि माणसाशेजारी बसवलं. एकाच खणात. कुणाला हे हास्यास्पद वाटलं असेल. मला त्यात एक विलक्षण सभ्यता दिसते: रात्री उडणाऱ्या, लोकांनी अपशकुनी ठरवलेल्या जीवाकडे पाहून प्रथम त्याचं आईपण नोंदवणं.

तो खण टिकला नाही. १७७९ साली ब्लूमेनबाखनं वटवाघळांना त्यांचा स्वतंत्र गण दिला, हातांचेच पंख झालेल्यांचा. १८२९ मध्ये काउपनं पिपिस्ट्रेलस ही प्रजाती वेगळी काढली. १८४० मध्ये टेमिंकनं सुमात्रातून आलेल्या एका चिमुकलीला टेनुइस म्हटलं, आणि १८९९ मध्ये रॉटन या मुंबई इलाख्यातल्या वनाधिकाऱ्यानं आपल्याकडच्या डांगच्या जंगलातली तशीच चिमुकली निराळी मानून तिला मायमस ठरवलं. आता बहुतेक जाणकार डांगवालीला सुमात्रावालीच्याच घरात धरतात. आमच्या छपरातली त्याच घरची. सांजवटवाघळांचं कूळ, पिपिस्ट्रेलस टेनुइस, भारतातल्या सर्वांत लहान वटवाघळांपैकी एक. नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. गोपालकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या याच पाकोळीच्या विणीचा अभ्यास केला. १९७५ साली तो छापून आला. ती वर्षभर विते, बहुधा जुळी. म्हातारीला हे छापून यायची गरज नव्हती.

पण नाव पक्कं करायचं तर फार जवळ जावं लागतं. हिच्याच वळणाच्या, जरा थोराड अशा तिच्या चुलत बहिणी याच शिवारात उडतात. रंग तोच, कान तेच, मापं एकमेकींत मिसळलेली. खरा उलगडा होतो तो कवटीत, सुळ्यामागं आतल्या अंगाला चेपून बसलेल्या एका इवल्या दातात, आणि नराच्या शिश्नातल्या टोकाला दुभंगलेल्या, नखाच्या कातरणाएवढ्या हाडात. हिल आणि हॅरिसन या दोघांनी १९८७ साली या हाडांवरूनच या सगळ्या गोतावळ्याची फेरमांडणी केली. म्हणजे जी उडताना एक क्षण डोळ्यात ठरत नाही, तिचं नाव ती कायमची थांबल्यावरच नि:शंकपणे लिहिता येतं. संग्रहालयात पायाला बांधलेली चिठ्ठी, भरलेलं अंग, शेजारच्या कुपीत कवटी. मी त्या माणसांना नावं ठेवत नाही. त्यांनी पाहिलं नसतं तर अंगणातला तो निसटता डाग आपल्याला निसटताच राहिला असता. तरी मनात येतं, की संध्याकाळी सहा-पन्नासला तारेखालून वळते ती कुठल्या कुपीत सापडायची?

आणि मग अगदी अलीकडं, रक्तातल्या लिपीनं खण पुन्हा उधळले. आम्ही लहानपणी पाकोळीला उडता उंदीर समजत होतो. उंदराचा आणि तिचा संबंध फार लांबचा. डीएनए सांगतो, की वटवाघळं बसतात ती गाय, घोडा, खवल्या मांजर आणि वाघ यांच्या बाजूच्या फांदीवर. उंदीर आहे तो आपल्या, माणसांच्या, फांदीवर. चंद्रपूर जिल्ह्यात राहणाऱ्याला हे वाचून हसूच येतं. आमच्याकडं बाहेरचा पाहुणा आला की पहिला प्रश्न वाघाचा. रात्री सडकेवर दिसला का, कन्हाळगावकडे आहेत का, बिबट गावात येतो का. गाड्या येतात, दुर्बिणी येतात, पाणवठ्यावर तासन्‌तास माणसं श्वास धरून बसतात. आणि वाघाची ही दूरची आप्त, तीन ग्रॅमची, तेवढीच निशाचर, तेवढीच मांसाहारी, रोज रात्री शेकड्यांनी शिकार करून आमच्याच डोक्यावरच्या कवेलूंत झोपते. तिच्यासाठी कुणी कधी गाडी थांबवलेली नाही.

आता कवेलूच कमी होत चाललेत. घरकुलं आली, स्लॅब पडले, सांदवाडीकडच्या गोठ्यावर पत्रा आला. हे वाईट झालं असं म्हणायची माझी छाती नाही. गळत्या छपराखाली तांब्या ठेवत ज्यांनी रात्री काढल्या त्यांना स्लॅब हवाच. पाकोळीनंही तक्रार केलेली दिसत नाही. तिला अंगठाभर फट लागते, उन्हानं ऊबदार झालेली, मांजरीच्या पंजाला न पुरणारी. मीटरच्या पेटीमागं, खिडकीच्या छज्ज्याखाली, दुकानांच्या पाट्यांमागं ती राहायला गेली.

चौकातल्या पानठेल्याच्या पाटीमागं त्यांचं असंच बिऱ्हाड आहे. सकाळी ठेलेवाला फळी उघडतो तेव्हा काउंटरवर काळ्या लेंड्यांची बारीक पेरणी झालेली असते आणि तो फडक्यानं झटकत, बडबडत असतो. परवा मी त्यातली एक चिमटीत धरून चुरडली. उंदराची असती तर टणक लागली असती. ही भुगा होऊन पसरली आणि उन्हात लखलखली. सगळा पंखांचा, पायांचा, कवचांचा चुरा. एक कण तर तुडतुड्याच्या पाठीसारखा हिरवागार. मी तो उजेडाकडं धरून ठेलेवाल्याला दाखवायला गेलो. त्यानं कातरी सुपारीतून बाहेर काढली आणि मातीच्या मडक्याकडं बोट केलं.

"आंधी हात धुवा जी. मंग पान देतो."