पसंतीचा आकडा

माणसाला नाव ठेवतात ती घरची माणसे. गाडीला नाव ठेवते सरकार, आणि तेही आकड्यांत. परदेशांत काही ठिकाणी पैसे भरले की पाटीवर बायकोचे नाव घालून मिळते. आपल्याकडे ती चैन नाही. राज्याची दोन अक्षरे, कचेरीचे दोन आकडे, मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार आकडे. यांतले शेवटचे चार तेवढे पसंतीने मिळतात, तेही पैसे मोजून.

पण आपली माणसे त्या चारांतूनही नाव काढतात. इंग्रजी ८०५५ जरा वळवून लिहिले की 'बॉस' होते. ४१४१ च्या डोक्यावर रेघ ओढली की 'पापा' होतात. पोलीस अशा पाट्यांना दंड करतात आणि हौशी मंडळी तो भरतात. ०००१ चा थाट तर विचारूच नका. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या सरकारने दर वाढवले, तेव्हा मोठी शहरे सोडून इतर ठिकाणी चारचाकीला या एका आकड्यासाठी पाच लाख रुपये झाले. दुबईला २०२३ साली नुसत्या 'पी ७' या पाटीला लिलावात साडेपाच कोटी दिरहम आले, म्हणजे आपले सव्वाशे कोटींच्या आसपास. हे ऐकून आमचे थोरले बंधू आप्पा म्हणाले, "सात तर सातच. आमच्या म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यावरपण आहे."

असे म्हणणाऱ्या आप्पांनीच २०२१ साली आकड्यासाठी पैसे मोजले होते. आणि आकडा तरी कोणता? ३७४२! ना त्यात देव, ना बॉस.

तो तात्यांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा आकडा. १९८९ मध्ये नवा कायदा लागू होऊन 'एमएच' आले, त्याच्या आधीची त्यांची राजदूत. पाटी पेंटरने हाताने रंगवलेली, काळ्यावर पांढरी, आणि आकडे मराठी. आईला अक्षरओळख नव्हती. पण बाजाराच्या दिवशी, किंवा आषाढीला माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला आली आणि रस्त्याकडेला गाड्यांची रांग लागली की, ती पिशवी काखेला मारून त्या रांगेतून चालत जायची आणि नेमकी तात्यांच्या गाडीपाशी थांबायची. तीन, सात, चार, दोन. एवढेच तिचे शिक्षण. ते तात्यांनी चुलीपुढच्या राखेत बोटाने काढून दिले होते.

पुढे राजदूत मोडीत गेली, तात्याही गेले. आप्पांनी उसाच्या बिलातून पहिली मोटार घेतली, तेव्हा ते म्हणाले, "आकडा तोच पाहिजे." आमचा तालुका आता अकलूजच्या कचेरीत, एमएच-४५ मध्ये येतो. आम्ही दोघे अर्ज घेऊन गेलो. हा आकडा मानाच्या यादीतला नव्हता, त्यामुळे शुल्क बेताचे. मी मनात म्हटले, चला, स्वस्तात भागले.

पण त्याच आकड्यासाठी दुसरा अर्ज होता! नियम असा होता की, एका आकड्याला दोन दावेदार आले की दोघांनी ठरल्या वेळेआधी बंद पाकिटात जादा रकमेचा डिमांड ड्राफ्ट आणून द्यायचा. पाकिटे समोर फुटतात आणि ज्याची रक्कम मोठी त्याचा आकडा. आता हे सारे संगणकावरही होते. त्या वेळी मात्र पाकीट होते, डिंक होता आणि छातीत धडधड होती.

दुसरा अर्जदार पंचविशीतला पोरगा. ३७४२ ची बेरीज सोळा, सोळाची सात, आणि सात त्याचा भाग्यांक. मला या भाग्यांकांचे नेहमीच हसू येते. पण त्या दिवशी तो भाग्यांक आमच्या आडवा उभा होता, तेव्हा हसू आले नाही. पाकिटात किती घालायचे? आप्पांकडे ठिबकच्या नळ्यांसाठी ठेवलेले पैसे होते. मी म्हटले, "पाच हजार घाला. गेला तर गेला." आप्पा बँकेत गेले आणि एकवीस हजारांचा ड्राफ्ट काढून आले. माझ्याशी तासभर बोलले नाहीत.

पाकिटे फुटली. त्या पोराचे अकरा हजार. दहा हजार उगाच जास्त गेले, हे माझ्या तोंडावर आले होते. आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते गिळले. पोरगा बाहेर येऊन म्हणाला, "काका, तुमचापण सातच का?"

"आमच्या आईला वाचता येतो तो."

पोरगा घोटाळला. "मग आधी सांगायचं की," म्हणाला, आणि चहाचे पैसे त्यानेच दिले.

महिन्याभराने पाटी बसली. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना असते तशी, ठशाची आणि सरकारी चक्राची. गाडी अर्धनारी नटेश्वराच्या देवळापाशी नेली. आईने नारळ फोडला, हळदकुंकू लावायला पाटीपुढे वाकली आणि वाकलेलीच राहिली. नियमाने पाटीवर आकडे इंग्रजी असतात. हे ठाऊक आम्हा दोघांनाही होते. बोलले मात्र कोणीच नव्हते. तीन आणि दोन दोन्हीकडे सारखेच दिसतात, ते तिने ओळखले. मधल्या दोघांवर तिचे बोट फिरत राहिले.

"हे मधले कोन रं?"

"सात आणि चार," आप्पा म्हणाले.

"चार आसा? पाय मोडल्यावानी?"

घरी आल्यावर तिने नातीची पाटी मागून घेतली. नात सात आणि चार काढून द्यायची, आजी ते गिरवायची. इंग्रजी आठ मात्र तिला दाखवायचा नाही, असे आप्पांनी पोरीला बजावले होते, कारण तो आपल्या चारासारखा दिसतो. चौथ्या दिवशी आईला दोन्ही आकडे आले. मग तिने विचारले, "ह्योच आकडा दुसऱ्याच्या गाडीवर आसला तर?"

आप्पांनी मालिकेची अक्षरे समजावून सांगितली. आकडे तेच असले तरी पुढची अक्षरे निराळी असतात.

"म्हंजी आता अक्षरंबी शिकाय पायजेत," आई म्हणाली, आणि पाटी पदराने पुसून पुन्हा नातीपुढे सरकवली.