चिंचेचा ठोकळा

बकरी ईदच्या आदल्या दिवशी गच्चीवरून चिंचेचा ठोकळा खाली आणला, तर गाभ्यापासून कडेपर्यंत बोट जाईल एवढी फट पडलेली. अम्मीच्या इंतकालानंतरची ती पहिलीच बकरी ईद.

हा ठोकळा म्हणजे अब्बांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी सोलापुरातल्या एका वखारीतून आणलेली खोडाची आडवी चकती. १५ इंच रुंद, ५ इंच जाड. चिंचेचं लाकूड घट्ट आणि चिवट, म्हणून खाटीकही तेच पसंत करतात. खोड आडवं कापलेलं असल्याने तंतू उभे राहतात. सुरी त्यांच्या मधे शिरते, लाकडाचा चुरा मटणात येत नाही.

भाजी अम्मी विळीवरच चिरायची. ठोकळा निघायचा तो खिम्यासाठी आणि कुर्बानीच्या दिवशी. त्या दिवशी ठोकळ्यापुढे आम्ही पुरुष बसायचो. हाडं तोडायची, घरचा, नातेवाइकांचा आणि गरिबांचा असे तीन हिस्से लावायचे आणि हात धुऊन कलेजी खायला उठायचं. ठोकळ्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

म्हणूनच एप्रिलात घर आवरताना मी तो साबणाने घासला, रात्रभर टबात बुडवून ठेवला आणि सकाळी गच्चीवर उन्हात टाकला. माझ्या मते ही स्वच्छता होती.

अब्बांनी फटीवरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं, "तेल कोन लगाते थे, मालूम था तुजे?"

मला मालूम नव्हतं. मग आठवलं. बाहेर आमच्या गप्पा रंगलेल्या असताना अम्मी मोरीपाशी बसून सुरीच्या पाठीने ठोकळा खरवडायची, जाडं मीठ चोळायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि पडवीत सावलीला उभा करून ठेवायची. वाळला की खोबरेल. एकदा मी त्यावर बादली ओतायला गेलो तेव्हा ती ओरडली होती, "लकडी कू पानी नको पिलाव, तेल पिलाव!" मी भाषेचा मास्तर. आमच्या दखनीत हा 'नको' मराठीतून आला, हे वर्गात मुलांना रंगवून सांगतो. पण त्या वाक्यातलं तेल माझ्या कानात शिरलंच नव्हतं.

ठोकळा सुतारमामांकडे नेला. त्यांनी पाहताक्षणी विचारलं, "सर, याला ऊन दाखवलंत ना?" मग समजावून सांगितलं. वाळताना लाकूड घेराच्या दिशेने जास्त आकसतं, गाभ्याच्या दिशेने कमी. त्या ओढाताणीत चकती फाटते. पाणी भरून एकदम ऊन दिलं की हमखास.

त्यांनी फटीच्या रेषेतच करवत चालवून ठोकळ्याचे दोन तुकडे केले. चांगल्या तुकड्यातला गाभा काढून टाकला आणि दोन इंच जाडीचा अर्धचंद्र कापून दिला. पुढचं काम मी केलं. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०. ओलं फडकं फिरवून उभे राहिलेले रोम वाळल्यावर पुन्हा घासले. तेल मात्र बदललं. खायची तेलं लाकडात मुरून खवट होऊ शकतात, म्हणून मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणलं. पहिला आठवडा रोज, नंतर आठवड्यातून एकदा, आता महिन्यातून एकदा. धुताना दोन्ही बाजू धुवायच्या, लगेच पुसायच्या आणि पाट उभा ठेवायचा. एकच बाजू भिजली तर तो वाकतो. भाजीसाठी वेगळा पाट केला.

यंदाच्या ईदला हिस्से लावून झाले. माझा नववीतला मुलगा हात धुवायला उठला. कलेजीचा वास सुटलाच होता. मी त्याला परत बसवलं आणि मिठाचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"हे अम्मी करतील की," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "ज्यांनी कापलं, ते साफ करतील."

अब्बा खुर्चीवरून बघत होते. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठले आणि तेलाची बाटली घेऊन आमच्याशेजारी येऊन बसले.