धाकट्यांच्या घरची धग

थोरामोठ्यांची चरित्रे लिहिणारे पुष्कळ. धाकट्यांची विचारपूस करणारा एखादाच! आकाशातही न्याय तोच. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे, हे आता शाळकरी पोरही सांगते. मोठ्या दीर्घिकांच्या पोटात असे विवर असावयाचेच. पण लहानसहान दीर्घिकांच्या घरात कोण डोकावणार?

मला मात्र अलीकडे या धाकट्यांचाच लळा लागला आहे. त्यांतल्या एकीचे नाव हेनाइझ २-१०. नाव कसले, चाळीतल्या खोलीचा क्रमांकच तो! अंतर सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षे. ताऱ्यांची दौलत आकाशगंगेच्या अवघी दहावा हिस्सा. २०११ साली एमी राइन्स या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी या दीर्घिकेच्या गाभ्यातून क्ष-किरण आणि रेडिओलहरी एकाच ठिकाणाहून येत असल्याचे दाखविले. तिथे सूर्याच्या सुमारे १० लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर असावे, असा त्यांचा निष्कर्ष.

तुम्ही म्हणाल, जे मुळातच काळे, त्याचे किरण कसले? किरण त्याचे नव्हेतच. विवराकडे ओढला जाणारा वायू त्याच्याभोवती गरगरतो, घासला जातो, विलक्षण तापतो. त्या धगीतून क्ष-किरण सुटतात. स्वयंपाकघराचे दार लोटलेले असले तरी आत चूल पेटली आहे हे फटीतून कळते ना, तसेच. काही जोडताऱ्यांतूनही असे किरण येतात, म्हणून रेडिओलहरींची साक्ष जोडीला हवी. आपली हवा हे किरण खाली उतरू देत नाही. तेव्हा दुर्बीणच वर पाठवावी लागते. ज्या दुर्बिणीने ही धग टिपली ती १९९९ साली वर गेली. नाव 'चंद्रा' — आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांवरून ठेवलेले!

एवढा खटाटोप कशासाठी? मोठ्या दीर्घिका शेजारणींना पोटात घेत मोठ्या झाल्या. त्या धामधुमीत त्यांच्या विवरांचे बालपण पुसले गेले. धाकट्या त्या मानाने जशाच्या तशा राहिल्या. कृष्णविवराचे बी प्रथम कसे रुजले, याचा माग लागला तर त्यांच्याच घरी लागायचा.

इथे मला आमचे कोकणातले दोन खणी घर आठवते. ते विकावयाचे घाटते आहे. वर्षातून चार दिवस राहणार, त्यासाठी दरसाल शाकारणी कोण करणार, असा दादाचा सवाल. आणि तो काही खोटा नाही. पण आमच्या मुंबई-पुण्याच्या प्रशस्त घरांत आम्ही मुळात कोण होतो, याची एक खूण उरलेली नाही. आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या अजून त्या माळ्यावरच आहेत.

हेनाइझची गोष्ट पुढेही आहे. २०२२ साली हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दिसले, की त्याच विवराकडून निघालेला वायूचा झोत सुमारे २३० प्रकाशवर्षांवरच्या दाट वायूला जाऊन भिडतो आणि तिथे नवे तारे जन्मतात. गिळणारा म्हणून ज्याची बदनामी, तोच बारशाचे निमित्त झाला!

भाऊबिजेला दादा येईल, तेव्हा त्याला मी हे सांगणार आहे. कागदावर सही करावयाची ती मग करू. पण आधी दोघांनी मिळून त्या माळ्यावर एकदा चढू.