तुटीचे अंदाजपत्रक

मराठी भाषेने केसाला मोठी विलक्षण प्रतिष्ठा दिली आहे. कोणाला अभय द्यावयाचे असेल तर आपण 'तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही' असे म्हणतो. विश्वासघातकी मनुष्य केसाने गळा कापतो. आणि वडीलधाऱ्या मंडळींना आपल्या अनुभवाची ग्वाही द्यावयाची असली, की त्यांनी उन्हात केस पांढरे केलेले नसतात. इतक्या हलक्या आणि निर्जीव वस्तूवर भाषेने एवढे ओझे का घालावे, याचे मला पूर्वी नवल वाटे. हृदय, मेंदू, यकृत ही शरीरातली कर्ती माणसे. केस म्हणजे अंगणातला वेल. परंतु घरात पाण्याची टंचाई झाली की पहिला सुकतो तो हा वेलच, आणि आतली अडचण बाहेरच्यांना प्रथम कळते ती त्याच्यावरूनच.

मी केंद्र सरकारच्या एका हिशेबी कार्यालयात कारकून आहे. काटकसरीचे परिपत्रक आले म्हणजे काय होते, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगावयास नको. पगार आणि निवृत्तिवेतन यांना कोणी हात लावीत नाही. भिंतींची रंगसफेदी तेवढी पुढच्या वर्षावर जाते आणि मोडक्या खुर्च्या तशाच राहतात. शरीराचे अर्थखातेही नेमके असेच वागते. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी अतिशय वेगाने वाढणाऱ्या. त्यांचा खर्च मोठा, आणि त्यांच्यावाचून प्राण अडत नाही. अन्नाची आवक एकाएकी घटली की कपातीची कुऱ्हाड आधी तेथे पडते.

हे शहाणपण मला घरातच मिळाले. चार वर्षांपूर्वी बदली होऊन आम्ही बंगळूरला आलो आणि चामराजपेटेत बिऱ्हाड केले. १८९२ साली वसविलेली, म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव मिरविणारी ही जुनी पेठ. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू येथेच आहे. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहतात. सारी आळी त्यांना अज्जी म्हणते. जिन्यावर गाठ पडली की त्यांचा प्रश्न ठरलेला: 'ऊट आयिता?' म्हणजे, जेवण झाले का? कानडी मुलखात क्षेमकुशल विचारण्याची हीच रीत आहे.

माझी धाकटी बहीण नोकरीनिमित्त आमच्याकडेच असते. वय २७, उंची १५७ सेंटिमीटर, आणि गेल्या आषाढात वजन होते ६८ किलो. भारतीयांसाठी स्थूलतेची रेषा बॉडी मास इंडेक्सच्या २५ या आकड्यावर ओढतात. तिचा आकडा साडेसत्तावीसच्या घरात होता. तेव्हा वजन उतरविण्याचा तिचा विचार ही काही नुसती हौस नव्हती. निमित्त मात्र दुसरे होते. पुण्याकडच्या एका स्थळाकडून निरोप आला होता, 'मुलगी चांगली आहे, पण अंगाने जरा...' ते वाक्य त्यांनी पुरे केले नाही. ते खोडून काढण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले.

सकाळी कोमट पाण्यात लिंबू, दुपारी एक पोळी आणि काकडीची कोशिंबीर, रात्री पपईच्या चार फोडी. वरण बंद, भात बंद, दूधही बंद. पुढे आम्ही हिशेब केला तेव्हा दिवसाकाठी जेमतेम ८०० कॅलरी आणि २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने निघाली. दोन महिन्यांत आठ किलो वजन उतरले. आल्यागेल्याने कौतुक केले. अज्जींच्या 'ऊट आयिता?' या प्रश्नाला ती जिन्यावरूनच हसून 'आयितु' म्हणे. तिच्या तोंडी ते रोज थोडे खोटे असे.

दिवाळीत नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान झाले, आणि मोरीच्या जाळीवर केसांचा असा पुंजका साठला की पाणीच तुंबले. पुढे रोज उशीवर, फणीत, ओढणीवर केस. वेणी मुठीतून बोटात आली. पहिला आरोप अर्थातच बंगळूरच्या पाण्यावर झाला. परमुलखात आलेल्या माणसाला पाणी हा फार सोयीचा आरोपी असतो. मग शाम्पू बदलला, तेल बदलले, बायोटिनच्या गोळ्या आल्या. उपासमारीकडे कोणाचा संशय वळला नाही, कारण ती तर श्रावणाच्या शेवटी बरीच सैल पडली होती. गुन्हा आषाढातला आणि पंचनामा अश्विनातला, अशी ही चमत्कारिक फिर्याद होती.

डॉक्टरीणबाईंनी ती पाच मिनिटांत उलगडली. त्यांनी पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढली. आठ-दहा केस हातात आले. प्रत्येकाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ होती. बहिणीचा चेहरा उतरला. तिला वाटले, केस मुळासकट उपटले गेले. त्या म्हणाल्या, "हे मूळ नव्हे. मूळ कातडीत शाबूत आहे. विश्रांतीला गेलेल्या केसाची ही खूण आहे." मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतले शेकडा ८५ ते ९० वाढीच्या अवस्थेत असतात. ही अवस्था दोन ते सहा वर्षे चालते. उरलेले बहुतेक दोन-तीन महिन्यांच्या विश्रांतीत असतात आणि तेथून गळतात. रोज पन्नास ते शंभर केस जाणे हा नित्याचा व्यवहार आहे. परंतु मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा एकाएकी केलेली उपासमार यांचा धक्का बसला की वाढीतले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळू लागतात. अमेरिकन त्वचातज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या प्रकाराला 'टेलोजेन इफ्लुव्हियम' हे नाव दिले. म्हणजे आज फणीत आलेला केस हे तीन महिन्यांपूर्वीच्या खर्चाचे बिल असते.

त्यांनी रक्ततपासणीही करून घेतली, कारण थायरॉइडचा बिघाड आणि लोहाची कमतरता हे याच वाटेने येणारे दुसरे चोर आहेत. थायरॉइड ठीक निघाले. लोहाचा साठा मात्र तळाला गेला होता. त्यासाठी त्यांनी औषध दिले. बायोटिन बंद करावयास सांगितले. शरीरात त्याची उणीव नसेल तर त्याचा उपयोग होत नाही, आणि थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे मात्र ते बिघडवू शकते. बाकी उपाय एकच, जेवण.

आता प्रश्न उरला तो किती जेवणाचा. वजन उतरावयाचे तर तूट हवीच. तुटीवाचून चरबी जात नाही. पण सुरक्षित तूट कोणती? हा प्रश्न आपल्या देशात एकदा फार क्रूरपणे सोडविला गेला आहे, आणि महाराष्ट्र व म्हैसूर या दोन्ही मुलखांना त्याची झळ लागलेली आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावर राबणाऱ्या पुरुषासाठी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे असा दर १८७७ च्या आरंभी ठरविला. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याला विरोध केला. दीड पौंड धान्य आणि शिवाय डाळ, भाजी हवी, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. एक पौंड धान्याच्या कॅलरी मी मोजून पाहिल्या. त्या साधारण १,५७० भरतात.

हा आकडा पाहून मी चमकलो, कारण तो मी आणखी एका ठिकाणी वाचला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांवर उपासमारीचा प्रयोग केला. आरंभी त्यांना दिवसाला सुमारे ३,२०० कॅलरी मिळत. पुढे चोवीस आठवडे सरासरी १,५७० च्या आसपास दिल्या गेल्या. त्यांचे वजन जवळजवळ पावपटीने घटले, थकवा आणि उदासीनता आली, अन्नाखेरीज दुसरा विचार सुचेनासा झाला, आणि केस गळू लागले.

यावरून कोणी म्हणेल की १,५७० हा आकडाच उपासमारीचा. पण तसे नाही. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या भारतीय स्त्रीची दिवसाची गरजच १,६६० कॅलरी आहे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली ठरविले आहे. तिला १,५७० म्हणजे जवळजवळ पोटभर. दगड फोडणाऱ्या मजुराला तेवढेच अन्न म्हणजे हाल. ताटातला आकडा निरर्थक आहे. गरज आणि ताट यांमधले अंतर खरे. मिनेसोटाच्या तरुणांची तूट निम्म्याहून थोडी अधिक होती. माझ्या बहिणीची गरज त्या वेळी सुमारे १,८७५ कॅलरींची होती आणि ती खात होती ८००. म्हणजे तिची तूट शेकडा ५७. ज्याला प्रयोगकर्त्यांनी उपासमार म्हटले, तिच्या पलीकडे ती आमच्या चामराजपेटेतल्या स्वयंपाकघरात, भरल्या डब्यांच्या शेजारी बसून, स्वखुशीने गेली होती.

डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलेले अंदाजपत्रक सौम्य होते. पहिले दोन महिने तूट शून्य. त्यानंतर गरजेच्या एक पंचमांशाहून अधिक तूट नाही. वजन ६० किलोवर आल्याने तिची गरज आता १,७५० च्या आसपास होती, तेव्हा तूट ३५० आणि जेवण १,४०० कॅलरींचे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी धरतात. त्या हिशेबाने आठवड्याला जास्तीत जास्त ३०० ग्रॅम, आणि पुढे पुढे त्याहूनही कमी, कारण शरीर हलके झाले की त्याची गरजही घटते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेला सल्लाही याच वळणाचा आहे: आठवड्याला अर्ध्या किलोपर्यंत घट सुरक्षित, आणि आहार १,००० कॅलरींच्या खाली नेऊ नये. शिवाय रोज साठेक ग्रॅम प्रथिने. केस हा बहुतांशी प्रथिनांचाच बनलेला असतो. वरण परतले, दही परतले, मोड आलेले मूग आले. कार्तिकाच्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. तेथून पिशवीभर शेंगा आल्या. मूठभर दाण्यांत सात ग्रॅम प्रथिने असतात. कॅलरीही पावणेदोनशे असतात, म्हणून मूठ एकच.

खरी कसोटी यापुढे होती. बिले तीन महिन्यांनी येतात हे कळणे वेगळे आणि ती येत असताना धीर धरणे वेगळे. ती नीट जेवू लागली तरी केस गळतच राहिले. कारण ते आधीच विश्रांतीला गेलेले होते. वजनाचा काटा किलोभर वर सरकला. एकीकडे केस जात आहेत, दुसरीकडे वजन वाढत आहे, आणि मार्गशीर्षात दुसरे एक स्थळ पाहावयास येणार. एका रात्री ती पानावरून उठली आणि म्हणाली, "दादा, महिनाभर पुन्हा कमी खाते. निदान एक तरी बाजू सावरू दे." माझ्या पत्नीने तिचे ताट झाकून ठेवले आणि एवढेच म्हटले, "आज वाचवलेस ते फाल्गुनात फेडावे लागेल. तूच ठरव."

तासाभराने तिने ते ताट घेतले. दुसऱ्या दिवशी तिने त्या मंडळींना स्वतः कळविले, की आजारपणातून उठते आहे, केस गळत आहेत, भेट फाल्गुनात ठेवावी. त्यांचे उत्तर आले नाही. घरात दोन दिवस कोणी तो विषय काढला नाही. पण तिने जेवण चुकविले नाही. परगावी दिवस काढणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरांत मुलींच्या अंगाकडे पाहणारे डोळे गावाकडून फोनवरूनही येतात. त्या डोळ्यांना किती किंमत द्यावयाची, हेही एक अंदाजपत्रकच असते, आणि ते तिने त्या रात्री मंजूर केले.

माघात गळती ओसरली. चैत्रात, पाडव्याच्या सुमारास, कपाळाच्या रेषेवर दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे नवे केस दिसू लागले. ते तेलाला जुमानीत नाहीत, वेणीत बसत नाहीत. भांगाच्या दोन्ही बाजूंना ताठ उभे राहतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा वेणी पूर्वीसारखी व्हावयास अजून काही वर्षे जातील. वजन ५८ किलोच्या आसपास आले आहे आणि मुंगीच्या पावलांनी उतरते आहे. काट्याकडे ती आता आठवड्यातून एकदाच पाहते.

परवा जिन्यावर अज्जींनी नेहमीचा प्रश्न केला. ती थांबली, आणि वरण, भात, पालक, दही अशी सगळी यादीच तिने मोडक्या कानडीत त्यांना सांगितली. अज्जी मान डोलावीत ऐकत राहिल्या.