दहाव्या दिवशीची मैत्री

थिबा पॅलेसच्या आवारात बसलं की राजवाड्यापेक्षा त्यातला माणूस मनात येतो. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडालेहून हलवलेला थिबा हा ब्रह्मदेशाचा बौद्ध राजा 1916 मध्ये रत्नागिरीतच वारला. त्याच मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये विपश्यना घेऊन भारतात आले.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात आधी श्वास, मग शरीरावरच्या संवेदना आणि दहाव्या दिवशी मौन सुटताना मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं. मला हा शेवटचा भाग फार मोलाचा वाटतो. राग उठला, छातीत जळजळलं, हे कळलं. पण ज्याच्यावर राग आहे त्याचं काय? मैत्री तिथूनच सुरू होते.

मैत्रीचा विचार करताना बाबासाहेब आंबेडकर आठवतात; त्यांचं मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यातलं. त्यांना बुद्धाचा धम्म पटला तो प्रज्ञा, करुणा आणि समता यांसाठी. समता वगळली की करुणेची नुसती दया होते.

आत्याच्या घरी रोज ध्यान होतं. तिथेच मोरीजवळच्या फळीवर, कान तुटलेला एक कप कामवाल्या मावशींसाठी वेगळा ठेवलेला असतो. उद्या आत्याशी बोलायचंच आहे. आवाज न चढवता, पण विषय न टाळता.